हौशी क्रिकेटपटू खरंच पदरमोड करून खेळायचे?

दावा असा फिरतो: व्हिक्टोरियन काळातले इंग्लंडचे हौशी काउंटी (म्हणजे तिथल्या जिल्हा संघांचे) क्रिकेटपटू एक छदामही न घेता खेळत.

हे अर्धंच खरं आहे. हौशी खेळाडूला मानधन नसे, पण प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मिळे. या 'खर्चा'ची व्याख्या सोयीने ताणली जाई. काही नामवंत हौशींची कमाई व्यावसायिकांहून जास्त होती. व्यावसायिकांनाही ते खटकत होतंच. १८९६ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावरच्या कसोटीआधी पाच व्यावसायिकांनी १० ऐवजी २० पाउंड मागितले, तेव्हा हौशींच्या खर्चाचा विषय वर्तमानपत्रांत गाजला.

मग सगळेच लबाड? छे! एखाद्या गिरणीमालकाचं किंवा दारूभट्टीवाल्याचं उदाहरण घ्या. सामने तीन दिवसांचे, बहुधा सोमवार ते बुधवार नाहीतर गुरुवार ते शनिवार. म्हणजे ऐन कामाचे दिवस. पेढी सोडून किती वेळा जाणार? म्हणून अशांच्या नावावर अनेकदा मोजकेच सामने दिसतात.

पडताळायचं असेल तर जुनं धावफलक-पत्रक बघा. हौशीच्या नावाआधी 'मिस्टर' किंवा आद्याक्षरं, व्यावसायिकाचं बऱ्याचदा नुसतं आडनाव. मग १८८१ च्या जनगणनेत त्याचा धंदा शोधा. मात्र पत्रकावरून दर्जा कळतो, खिशात काय पडलं ते नाही. त्यासाठी क्लबचे हिशेबच चाळावे लागतात. हौशी-व्यावसायिक हा भेद अधिकृतपणे संपला थेट १९६२ मध्ये.