नव्या पिढीला कॉम्प्युटर उपजतच येतो? नाही!

"आजकालची पोरं मोबाईल घेऊनच जन्मतात, त्यांना कॉम्प्युटर काय शिकवायचा!" हे सांगलीत घरोघरी ऐकू येतं. अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये 'डिजिटल नेटिव्ह' (डिजिटल जगातच वाढलेली, म्हणून त्यात मुरलेली पिढी) ही कल्पना मांडली आणि हा समज जगभर पक्का झाला. पण २०१८ च्या आयसीआयएलएस या कॉम्प्युटर-साक्षरतेच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आठवीच्या फक्त २ टक्के मुलांनी सर्वोच्च पातळी गाठली.

ऑनलाइन फॉर्म भरताना हेच दिसतं. साइट ५० केबीच्या आतला फोटो मागते. मुलगा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवतो. आकार घटतो, पण चेहरा पुसट होतो. कागदपत्राच्या नावातलं 'जेपीजी' खोडून 'पीडीएफ' लिहितो. फाइल आतून फोटोच राहते, म्हणून साइट ती नाकारते. मूळ फोटो घ्या, आधी लांबी-रुंदीचे पिक्सेल कमी करा, मग क्वालिटी उतरवा. पीडीएफ हवी तर प्रिंटमधून 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा टिकतो.

डीटीपीत (कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करण्याच्या कामात) मुरलेल्या पन्नाशीच्या माणसाला फाइल-फोल्डर तोंडपाठ असतात. अडतो तो वेगळ्याच ठिकाणी: जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर चिन्हांचा गोंधळ होऊन उघडतो. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावा आणि जोडाक्षरं, रफार नजरेखालून घालावेत.

ऑनलाइन पैशांच्या व्यवहारात फसतात मात्र दोन्ही पिढ्या. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही.