मुठीतली भूमिती: पिस्तूल लहान होतं तेव्हा मॅगझिनचं काय होतं?

एकाच पिस्तुलाची मोठी आणि छोटी मॉडेलं शेजारी ठेवली की नजर आधी नळीकडे जाते. मला मात्र मुठीकडे पाहावंसं वाटतं. मूठ किती उंच ठेवायची, हे ठरवण्यात हाताइतकाच आत बसणाऱ्या मॅगझिनचा, म्हणजे काडतुसांच्या पेटीचा, वाटा असतो, आणि त्यामागचं गणित फार देखणं आहे.

ऑस्ट्रियातल्या ग्लॉक कंपनीची तीन मॉडेलं घेऊ. ग्लॉक १७ हे पूर्ण आकाराचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीकारलं. १९८८ मध्ये त्याहून आखूड ग्लॉक १९ आलं आणि पुढे १९९० च्या दशकात मुठीत जेमतेम मावणारं ग्लॉक २६. तिन्हींचं काडतूस एकच, ९ बाय १९ मि.मी. (गोळीचा व्यास आणि मागच्या पुंगळीची लांबी). मॅगझिनमध्ये मावतात अनुक्रमे १७, १५ आणि १०. पिस्तुलाची उंची साधारण १३९, १२८ आणि १०६ मि.मी.

आता हिशेब करा. १७ वरून १९ वर येताना दोन काडतुसं कमी झाली आणि उंची ११ मि.मी.ने घटली. पुढे २६ कडे जाताना पाच काडतुसं गेली आणि २२ मि.मी. उतरले. म्हणजे दर काडतुसामागे पाच मि.मी.च्या आसपास. पण या काडतुसाचा बुडाशी व्यास जवळजवळ १० मि.मी. असतो! निम्म्या उंचीत एक काडतूस बसतं कसं?

फळवाला संत्री रचताना वरचं संत्रं खालच्या दोघांमधल्या खाचेत ठेवतो, तशी ही काडतुसं डावी-उजवी, डावी-उजवी अशी दोन रांगांत एकमेकांच्या खाचेत बसतात. एका रांगेत रचली असती तर १७ काडतुसांना १७ सें.मी. उंची लागली असती, म्हणजे नुसतं मॅगझिनच पूर्ण पिस्तुलाहून उंच झालं असतं. तीन शेजारी काडतुसांची केंद्रं जोडून समभुज त्रिकोण होईल इतकी रुंदी दिली, की दर काडतुसामागे बरोबर अर्धा व्यास उंची लागते. ही रुंदी व्यासाच्या १.८७ पट भरते. त्याहून रुंद केलं तरी उंचीत काहीच वाचत नाही.

प्रत्यक्षात अभियंते रुंदी या मर्यादेच्या थोडी आतच ठेवतात. खालची स्प्रिंग काडतुसांना वर ढकलते, पण तिरकी टेकलेली काडतुसं भिंतींनाही रेटतात. त्या ६० अंशांच्या मांडणीत हा आडवा रेटा उभ्या बळाच्या पावणेदोन पट होतो. रेटा वाढला की घर्षण वाढतं आणि काडतूस अडकायची भीती. शिवाय वर तोंडाशी दोन रांगांची एक रांग व्हायला हवी, म्हणून मॅगझिन वरच्या बाजूला निमुळतं असतं. हे सगळं बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह यांनी इतकं नीट जमवलं, की १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात १३ काडतुसं मावली. त्याआधीच्या अमेरिकन एम१९११ मध्ये एका रांगेत सातच असत, अर्थात ती काडतुसं जाड होती. भारतीय सैन्याचं इच्छापूरला बनणारं ९ मि.मी. पिस्तूल याच हाय-पॉवरच्या घराण्यातलं.

लहान पिस्तुलाची किंमत इतर ठिकाणी मोजावी लागते. गोळीचा संवेग जवळपास तोच राहतो, पण भरलेलं ग्लॉक १७ सुमारे ९०० ग्रॅम आणि २६ सुमारे ७४० ग्रॅम. संवेग तोच असेल तर मागे येणाऱ्या पिस्तुलाची ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून छोट्याचा धक्का मोठ्याच्या धक्क्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्तच वाढतो. त्यात करंगळीला धरायला जागा नाही. नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतरही १६५ वरून १३७ मि.मी.वर येतं. पुढची खूण एक मि.मी. ढळली तर २५ मीटरवर मोठ्या पिस्तुलाची चूक १५ सें.मी., छोट्याची १८.

मॅगझिनच्या स्प्रिंगवरही ताण येतो. छोट्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे दर गोळीला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, हलकी, तिचा प्रवास आखूड. ती मागे जाऊन परत येईपर्यंत पुढचं काडतूस जागेवर चढलंच पाहिजे, नाहीतर स्लाइड रिकामीच पुढे जाते.

ग्लॉकची सोय अशी, की १७ चं लांब मॅगझिन १९ आणि २६ मध्येही बसतं, फक्त खाली बाहेर डोकावतं. उलट मात्र चालत नाही, कारण आखूड मॅगझिन मोठ्या मुठीत त्याला अडकवून धरणाऱ्या खटक्यापर्यंत पोचतच नाही. कायद्यानेही या आकारांना हात लावला. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनवर १० काडतुसांची मर्यादा होती. दहाच भरायची, तर १७ ची उंच मूठ कशाला बाळगायची? छोट्या पिस्तुलांची मागणी तिथे वाढली त्याला हेही एक कारण. पुढे २०१८ मध्ये सिग सावरच्या पी३६५ ने साधारण एक इंच जाडीच्या पिस्तुलात तीच दहा काडतुसं बसवली.