मिश्रणांचे विलगीकरण

मिश्रणातील घटकांचे रासायनिक स्वरूप न बदलता ते एकमेकांपासून अलग करण्याच्या पद्धती. मिश्रणात घटक नुसते एकत्र आलेले असतात, म्हणून कणांचा आकार, घनता, विद्राव्यता, उत्कलनबिंदू, चुंबकत्व यांपैकी एखाद्या गुणधर्मातला फरक कामी येतो. लोहकीस आणि गंधक एकत्र कालवले तरी चुंबकाने लोह ओढून घेता येते. तेच मिश्रण तापवून आयर्न सल्फाइड झाले की चुंबक फिरवून उपयोग नाही.

शाळेत हमखास विचारले जाणारे मिश्रण म्हणजे वाळू, मीठ, लोहकीस आणि कापूर. त्यात पद्धतींइतकाच क्रम महत्त्वाचा, आणि गुण बहुधा तिथेच जातात. चुंबक आधी, मिश्रण कोरडे असतानाच फिरवायचा, तोही कागदात गुंडाळून. नाहीतर चिकटलेला कीस सुटता सुटत नाही. मग मंद आचेवर कापराचे संप्लवन, म्हणजे स्थायूची द्रव न होता थेट वाफ होणे. तो उलट्या नरसाळ्याच्या थंड काचेवर जमतो. उरलेल्यात पाणी घालून गाळले की वाळू गाळणकागदावर राहते. गाळीव द्रव आटवताना शेवटी मीठ तडतडून उडते, तेव्हा आच कमी करावी.

नागपुरात या विषयाचे सर्वांत चांगले उदाहरण संत्र्याच्या सालीत आहे. साल मेणबत्तीजवळ पिळली की ज्योतीत ठिणग्या उडतात, त्या सालीतल्या तेलाच्या. या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १७६° से. असला तरी पाण्यात साली उकळल्यावर ते त्याच्या कितीतरी आधी वाफेबरोबर निघते. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या बाष्पदाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोन्ही एकत्र उकळतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंच असल्याने इथे नुसते पाणीच ९९° से.च्या आसपास उकळते. तेलासह त्याहून थोडे अलीकडे. वाफ थंड केल्यावर गढूळ पांढरट द्रव मिळतो आणि तो स्थिर ठेवला की तेल वर तरंगते, कारण त्याची घनता पाण्याच्या सुमारे ०.८४ पट आहे. मग विलगकारी नरसाळ्याची तोटी उघडून खालचे पाणी काढून टाकायचे. वरचे बूच काढले नाही तर धार मध्येच थांबते.

नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री, गुमगाव या खाणींतून मँगनीजचे धातुक निघते. धातुक जड, सोबतची गारगोटी हलकी. अशा वेळी जाळीवरच्या खड्यांतून पाणी खालीवर हलवले की जड खडे तळाशी बसतात; रोवळीत तांदूळ रोळताना खडे खाली राहतात तसेच. कोळशावर चालणाऱ्या कोराडी, खापरखेड्यासारख्या औष्णिक केंद्रांत धुरातील राखेच्या कणांना विद्युतभार देऊन ते धातूच्या पत्र्यांकडे ओढून घेतात. राखेतले काही कण आतून पोकळ असल्याने राखेच्या तळ्यात पाण्यावर तरंगतात, आणि तेवढेच वेचून घेता येतात.

शाईतील रंग कागदावर वेगळे करणे, द्रवरूप हवेचे भागशः ऊर्ध्वपातन (उत्कलनबिंदूंतील फरकानुसार घटकांची एकेक करून वाफ करून ती पुन्हा थंड करणे) ही याच तत्त्वाची आणखी रूपे. मात्र या पद्धतींना मर्यादाही आहेत. अल्कोहोल आणि पाण्याचे साधे ऊर्ध्वपातन कितीही वेळा केले तरी अल्कोहोल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. संप्लवनाचे उदाहरण म्हणून सांगितला जाणारा नवसागर (अमोनियम क्लोराइड) तर तापवल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये विघटित होतो आणि थंड भागावर पुन्हा तयार होतो, म्हणजे तिथे रासायनिक बदल झालेलाच असतो. संप्लवन दाखवायला कापूर किंवा आयोडीन बरे.