रोमिओ अँड ज्युलिएट : प्रेम आणि नियती

रोमिओ अँड ज्युलिएट ही विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याची शोकांतिका. ती १५९५ च्या सुमारास लिहिली गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पहिली छापील प्रत १५९७ ची. तिच्याहून भरवशाची संहिता १५९९ ची. इटलीतील व्हेरोना शहरात माँटेग्यू आणि कॅप्युलेट या घराण्यांत पिढीजात वैर आहे. ते कशावरून जडले, हे नाटकात कुठेही सांगितलेले नाही. एका घरचा मुलगा आणि दुसऱ्या घरची मुलगी प्रेमात पडतात, गुपचूप लग्न करतात आणि आठवडा सरायच्या आत दोघेही मरतात.

कथा शेक्सपिअरची नव्हे. लुइजी दा पोर्तो आणि मात्तेओ बांदेल्लो या इटालियन लेखकांनी ती सोळाव्या शतकात सांगितली होती. तिच्या फ्रेंच अवतारावरून आर्थर ब्रुक याने १५६२ मध्ये इंग्रजीत दीर्घकाव्य रचले आणि शेक्सपिअरने मुख्यतः त्याचाच आधार घेतला. ब्रुकच्या काव्यात ही हकिकत काही महिने चालते. शेक्सपिअरने ती रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्या अवधीत बसवली. ब्रुकची नायिका सोळा वर्षांची, शेक्सपिअरची ज्युलिएट अजून चौदाचीही नाही. ब्रुक आपल्या प्रस्तावनेत थोरांचा सल्ला झुगारणाऱ्या या प्रेमिकांना दोष देतो. शेक्सपिअरने तो उपदेश गाळला आणि त्या जागी ग्रहतारे आणले.

नाटक सुरू होते ते चौदा ओळींच्या सुनीताने. सूत्रधारासारखा येणारा कोरस सांगून टाकतो, की या दोघांच्या जन्मनक्षत्रांतच अनर्थ आहे आणि त्यांच्या मृत्यूनेच आईबापांचे वैर मिटणार आहे. शेवट आधीच ठाऊक असल्याने प्रेक्षक ‘काय होणार’ याऐवजी ‘कसे होणार’ हे पाहू लागतो. पुढे मेजवानीत रोमिओ आणि ज्युलिएट प्रथम भेटतात, तेव्हा त्यांचे पहिले संभाषणही चौदा ओळींचे सुनीतच होते. तो यात्रेकरू, ती देवमूर्ती अशी कल्पना दोघे मिळून फुलवतात आणि सुनीत पुरे होताच पहिले चुंबन येते. इटालियनमध्ये ‘रोमिओ’ म्हणजे रोमला जाणारा यात्रेकरू, हे लक्षात घेतले की ही कल्पना आणखी खुलते. नियतीने आपला निकाल ज्या छंदात ऐकवला, त्याच छंदात प्रेमाचा पहिला उच्चार व्हावा, ही या नाटकाच्या रचनेतली सर्वांत सुंदर आणि सर्वांत क्रूर गोष्ट आहे.

ताऱ्यांचा उल्लेख पात्रांच्या तोंडी वारंवार येतो. मेजवानीला निघताना रोमिओला वाटते, की आज रात्री सुरू होणारे काहीतरी आपल्याला अकाली मरणाकडे नेईल. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट याला मारल्यावर तो स्वतःला दैवाच्या हातचे खेळणे म्हणतो. ज्युलिएट मेल्याची बातमी येताच तो ताऱ्यांनाच आव्हान देतो आणि विष विकत घ्यायला निघतो. म्हणजे ज्या क्षणी तो नियतीशी बंड पुकारतो, नेमक्या त्याच क्षणी तिने आखलेल्या वाटेवर शेवटचे पाऊल टाकतो.

तरीही हे नाटक निव्वळ ग्रहदशेचे मानले, तर त्यातले बरेच काही निसटते. प्रत्येक आघातामागे माणसाच्या हातून घडलेली एखादी साधी गोष्ट असते. कॅप्युलेटच्या नोकराला पाहुण्यांची यादी वाचता येत नाही, तो नेमका रोमिओलाच वाचायला सांगतो. मेजवानीचा सुगावा लागतो तो असा. लग्न लागून जेमतेम तास उलटतो, तोच टिबॉल्ट आव्हान देतो. रोमिओ नव्या नात्याला जागून लढायचे टाळतो, तेव्हा त्याचा मित्र मर्क्युशियो तलवार उपसतो. रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबॉल्टचा वार मित्राला लागतो. आपण हे भल्यासाठी केले, एवढेच रोमिओ म्हणू शकतो. प्रेमापोटी आलेला संयमच येथे अनर्थाला कारण होतो.

या नाटकातली नियती आकाशापेक्षा पंचांगात शोधावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. येथे सगळ्यांनाच घाई आहे. ज्युलिएट पहिल्याच रात्री म्हणते, की हे फार अविचारी, फार अचानक, विजेसारखे आहे. आणि थोड्याच वेळात लग्नाचा विषयही तीच काढते. आधी मुलगी लहान आहे म्हणणारा बाप पॅरिस या तरुण सरदाराशी तिचे लग्न गुरुवारी ठरवतो आणि ती राजी झाल्याचे भासवते तेव्हा ते बुधवारवर आणतो. त्यामुळे हे लग्न टाळण्यासाठी लॉरेन्सने दिलेले, मेल्याचा भास घडवणारे निद्रेचे औषध तिला एक रात्र आधी घ्यावे लागते आणि हद्दपार होऊन मांटुआ शहरी गेलेल्या रोमिओला या बेताचे पत्र पोचवण्याची सवड तेवढीच घटते. सावकाश चला, धावणारे ठेचकाळतात, असे बजावणारा लॉरेन्स हा फ्रान्सिस्कन साधूच हे घाईचे लग्न लावून देतो.

पत्राचा प्रसंग तर मुळातून वाचावा असा आहे. ते घेऊन निघालेला साधू जॉन सोबतीला दुसऱ्या साधूला शोधतो. तो साधू आजाऱ्यांची विचारपूस करत असतो. दोघे साथीच्या घरात होते, या संशयाने अधिकारी दारे बंद करून टाकतात आणि पत्र तिथेच अडकते. १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाट्यगृहे प्लेगमुळे बराच काळ बंद होती. तेव्हाच्या प्रेक्षकाला ही मोहोरबंद दारे ओळखीची होती. दुसरीकडे रोमिओचा नोकर बाल्थझार दफन पाहून तडक घोडा पिटाळतो. खरी बातमी कोंडून पडते आणि खोटी बातमी वेळेवर पोचते.

प्रेम आणि मरण यांची सरमिसळ नाटकात आरंभापासून आहे. रोमिओचे नावही कळलेले नसताना, त्याचे लग्न झालेले असेल तर माझी कबरच माझी सेज होईल, असे ज्युलिएट बोलून जाते. ती मेली असे समजून बाप आक्रोश करतो, की मृत्यूच माझा जावई झाला. लग्नाची फुले प्रेतावर वाहिली जातात. मात्र तिच्या प्रेमाला मरणाची ओढ म्हणणे अन्यायाचे आहे. दाईसुद्धा ‘पॅरिसशी लग्न कर’ असा सल्ला देते, तेव्हा ही मुलगी एकटी उरते आणि जगण्यासाठीच ते औषध पिते.

मराठीत या नाटकाबद्दल लिहिताना ‘दैव’, ‘प्राक्तन’, ‘योगायोग’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. ‘प्राक्तन’ येथे बसत नाही, कारण त्यात स्वतःच्या पूर्वसंचिताचा अर्थ आहे. ही मुले फेडतात ते आधीच्या पिढीचे देणे. तुलनेला शाकुंतल घेता येते. कालिदासाच्या नाटकातही हरवलेल्या वस्तूमुळे ताटातूट होते, पण अंगठी कोळ्याच्या हाती लागते आणि शाप उतरतो. व्हेरोनात असा कोळी भेटत नाही. मंगेश पाडगावकरांनी या नाटकाचा मराठी अनुवाद केला आहे.

हा शेवट पुढच्या काळातील रंगकर्मींनाही सोसवला नाही. सतराव्या शतकात जेम्स हॉवर्डने प्रेमिकांना जिवंत ठेवणारे रूप तयार केले. ते आणि मूळ शोकांत रूप आलटून पालटून सादर होत असे. डेव्हिड गॅरिकने १७४८ मध्ये रोमिओचा प्राण जाण्यापूर्वीच ज्युलिएटला जागे केले आणि दोघांना अखेरचा संवाद दिला. गॅरिकचे हे रूप दीर्घकाळ लोकप्रिय राहिले. १८४५ मध्ये शार्लट कुशमन या अभिनेत्रीने लंडनमध्ये स्वतः रोमिओची भूमिका करत शेक्सपिअरची संहिता पुन्हा रंगमंचावर आणली. त्या संहितेत असा संवाद नाही. रोमिओ कॅप्युलेटांच्या दफनगृहात ज्युलिएटकडे पाहतो, तिच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे हे त्याला दिसते, तो ते बोलूनही दाखवतो, आणि विष पितो.