14 जानेवारी: पानिपत, नामविस्तार आणि मधी संक्रांत

14 जानेवारी जवळ आली की फॉरवर्ड सुरू होतात, तिळगुळाचे पण आणि पानिपतचे पण, आणि त्यात एक मेसेज दरवर्षी फिक्स असतो की ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं. ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब बसत नाही. संक्रांत सूर्यावर चालते आणि इंग्रजी कॅलेंडरमधी ती साठ-सत्तर वर्षाला एक दिवस पुढं सरकते, म्हणजे 1761 ला ती 10 जानेवारीच्या आसपासच होऊन गेलेली. 14 ला लढाई झाली तो बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. संक्रांतीला पडले ते मराठा सरदार दत्ताजी शिंदे, पण ते एक वर्ष आधी, 10 जानेवारी 1760 ला, दिल्लीजवळ बुराडी घाटावर.

आता याचा आमच्या मराठवाड्याशी काय संबंध? संबंध असा की ही सगळी मोहीम निघालीच इथून राव. फेब्रुवारी 1760 मधी सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला घेरून हरवलं, तहात साठ लाखांचा मुलूख आणि वर दौलताबादसारखा किल्ला पदरात पाडून घेतला. इब्राहिमखान गारदी, जो आधी निजामाच्याच चाकरीत होता, तो इथं भाऊंच्या बाजूनं तोफा घेऊन उभा होता आणि पुढं पानिपतावर पण शेवटपर्यंत राहिला. दत्ताजी गेल्याची बातमी दक्षिणेत आली, मग पटदूरला, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला, नानासाहेब पेशव्यांसोबत मसलत होऊन भाऊंना उत्तरेत पाठवायचं ठरलं आणि मार्चमधी फौज हलली. जालना-परभणी रेल्वेनं जाणारे रोज परतूर स्टेशनवरून जातात, किती जणांना हे माहिती असंल शंकाच आहे.

दुसरी 14 जानेवारी 1994 ची, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची, आणि आमच्याकडं खरी तीच. मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं 23 ऑगस्ट 1958 ला, पण औरंगाबादला उच्च शिक्षणाचा पाया त्याआधीच मिलिंद महाविद्यालय काढून बाबासाहेबांनी घातला होता, म्हणून विद्यापीठाला त्यांचं नाव द्या ही मागणी. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहात ठराव पास झाला आणि लगेच मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे काय तर खेड्यापाड्यातल्या दलित वस्त्या जाळल्या, लोकं गाव सोडून पळाली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना मारून टाकलं. ठराव मग कागदावरच पडून राहिला. 1979 ला जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं लाँग मार्च निघाला, तुरुंगवास झाले, लाठ्या झाल्या, सरकारं बदलली, आणि 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर दोन महिने पण झाले नाहीत आणि नाव आलं, तेही जुनं नाव न काढता: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ठराव झाला तेव्हा आणि नाव दिलं तेव्हा, दोन्ही वेळा मुख्यमंत्री शरद पवारच. मधे गेली साडेपंधरा वर्षं. आपल्याकडं याला कुणी "राजकीय तडजोड" म्हणून उडवून लावतं, पण ज्यांची घरं जळाली त्यांच्यासाठी ती तडजोड फार महाग पडली हे तरी मान्य करा.

योगायोग बघा, नाव बदलायचीच अजून एक 14 जानेवारी आहे. 1969 ला याच तारखेला, ऐन पोंगलच्या दिवसात, मद्रास राज्याचं अधिकृतपणे तमिळनाडू झालं. तिथं पण या मागणीपायी शंकरलिंगनार नावाच्या म्हाताऱ्या गांधीवाद्यानं 1956 ला उपोषण करून जीव दिला होता.

बाकी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांचा जन्म पण 14 जानेवारीचाच (1896), आणि शाळेत भूगोल दिन असतो तोही याच दिवशी, पण पोरांचं सगळं लक्ष पतंगात.

आता गंमत अशी की संक्रांत हळूहळू 15 वर चाललीय, 2024 ला 15 लाच होती. त्या वर्षी वाण लुटायचं दुसऱ्या दिवशी झालं, नामविस्तार दिनाची विद्यापीठ गेटवरची गर्दी मात्र 14 लाच.