हटवलेल्या नोंदीची त्रुटी (ईआरपी)

मास्टरमधून, म्हणजे माल, ग्राहक अशा मूळ यादीतून, नोंद डिलीट झाली, पण तिचा क्रमांक दुसरीकडे कुठेतरी वापरात राहिला, की ईआरपी, म्हणजे धंद्याचे खरेदी-विक्री-स्टॉक-हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, ही त्रुटी दाखवते. ओडू या ईआरपीमध्ये तिचा मजकूर ‘रेकॉर्ड डज नॉट एक्झिस्ट ऑर हॅज बीन डिलीटेड’ असा असतो. दोष शोधायचा तो गेलेल्या नोंदीत नव्हे, मागे राहिलेल्या संदर्भात.

सोलापुरी टेरी टॉवेलसारख्या मालात रंग आणि साइज या दोन जागी विशेष जपावे लागते. एका टॉवेलच्या ३ साइज आणि ६ रंग धरले, तर ओडू १८ व्हेरियंट, म्हणजे रंग-साइजच्या १८ जोड्या, तयार करते. सीझन संपला म्हणून यादीतून मरून रंग काढला की त्यातले ३ जातात. ज्यांच्यावर एकही व्यवहार नाही ते कायमचे डिलीट होतात. ज्यांची ऑर्डर किंवा स्टॉकची हालचाल झालेली आहे ते फक्त अर्काइव्ह होतात, म्हणजे लपतात पण राहतात. पुढच्या वर्षी तोच रंग परत जोडला, तर अर्काइव्ह झालेला व्हेरियंट जुन्याच क्रमांकाने चालू होतो. डिलीट झालेल्याला नवा क्रमांक मिळतो आणि त्याचा बारकोड कोरा असतो. स्टोअरमध्ये ३०×६० इंची मरून टॉवेल स्क्रीनवर दिसत असतो, पण जुन्या क्रमांकांची एक्सेल शीट अपलोड होत नाही, ती यामुळे. शीटमध्ये डेटाबेस क्रमांकाऐवजी एक्स्टर्नल आयडी, म्हणजे नोंदीला दिलेले कायमचे ओळखनाव, ठेवावा.

तपासाची सुरुवात सर्व्हर लॉगपासून करावी. तिथे ‘प्रॉडक्ट.प्रॉडक्ट(५७,)’ अशा रूपात तक्ता आणि क्रमांक मिळतो. स्क्रीनवरच्या चौकटीचा अर्धा फोटो कामाचा नाही. नोंद नुसती अर्काइव्ह असेल तर ही त्रुटी येत नाही, कारण शोधात लपलेली नोंद क्रमांकाने वाचता येते. परवानगी नसेल तर संदेशच वेगळा येतो. एकाच वापरकर्त्याला अडचण असेल तर आधी पान रिफ्रेश करावे: टॅब सकाळपासून उघडा असतो आणि मधल्या वेळात दुसऱ्याने नोंद काढलेली असते. त्यानंतर त्याची डीफॉल्ट मूल्ये आणि जतन केलेले फिल्टर पाहावेत. सगळ्यांनाच येत असेल तर शेड्यूल्ड अ‍ॅक्शन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे), अटॅचमेंट आणि अ‍ॅक्टिव्हिटी बघाव्यात. शेवटच्या दोहोंत मॉडेलचे नाव आणि क्रमांक नुसते लिहून ठेवलेले असतात, फॉरिन की, म्हणजे दोन तक्त्यांना बांधणारा डेटाबेसचा नियम, नसते. त्यामुळे कोणी थेट एसक्यूएलने (डेटाबेसच्या आज्ञांनी) ओळ उडवली तर डेटाबेस अडवत नाही.

जुन्या क्रमांकाची ओळ हाताने घालून त्रुटी दडपणे वाईट. व्हेरियंटची ओळ येते, पण तिच्यामागचे गुणधर्म येत नाहीत आणि बिघाड पुढच्या चलानापर्यंत लांबतो. ओडूला कचरापेटी नाही. बॅकअप वेगळ्या डेटाबेसवर चढवावा, हवी ती नोंद एक्स्पोर्ट करून चालू डेटाबेसमध्ये नव्याने घ्यावी आणि संदर्भ नव्या क्रमांकाकडे वळवावेत. चालू डेटाबेसवर बॅकअप चढवला तर मधल्या काळातली बिले जातात.

ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या ईआरपीमध्ये काम सोपे आहे. लिंक असलेली नोंद ते मुळातच डिलीट करू देत नाही, आणि जी होते ती ‘डिलीटेड डॉक्युमेंट’ यादीत राहते. ती उघडून ‘रिस्टोअर’ दाबावे. परत आलेल्या नोंदीचे नाव मात्र जुन्या नावाशी ताडून पाहावे, आणि जोडलेल्या फाइली परत येतीलच असे धरू नये.