झेडपीचं हायस्कूल

झेडपीचं हायस्कूल म्हणजे जिल्हा परिषद चालवते ती माध्यमिक शाळा, पाचवी नाहीतर आठवीपासून दहावीपर्यंत, मुलं-मुली एकत्र आणि फी नावापुरती. महाराष्ट्रात हायस्कूलं जास्त करून खाजगी अनुदानित संस्थांची, साताऱ्याकडे तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेल्या रयत शिक्षण संस्थेचं जाळं, त्यामुळे तिकडच्या माणसाला झेडपीची शाळा म्हटलं की चौथी-सातवीपर्यंतचीच आठवते. मराठवाड्यात तसं नाही. निजामाच्या राज्यात हायस्कूलं मोजकी आणि शिकवणं उर्दूतून, १९४८ नंतर मराठी आली, पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि सरकारी शाळा त्यांच्याकडे गेल्या. इथे झेंडा वर्षातून चारदा चढतो, कारण १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही असतो.

बाजाराच्या गावातली मध्यम शाळा म्हणजे इयत्तेला एक-दोन तुकड्या. तिचा सगळा जीव पटावर, म्हणजे नाव घातलेल्या मुलांच्या संख्येवर. ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि तो नेमका गणिताचा निघाला तर गणितही विज्ञानाच्या मॅडमच घेतात. त्यात आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नसेल तर पोरगं समोर बाकावर बसलेलं असूनही मोजणीत अडकतं, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

मुलींचं वेगळंच. वाड्या-तांड्यांवरची मुलगी दहावीपर्यंत टिकणार की नाही हे अभ्यासाइतकंच एसटीच्या टायमिंगवर ठरतं. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत, जवळच्या मुलींना सायकली मिळतात, आणि हे झालं म्हणूनच वर्गात मुली दिसतात. शेवटच्या तासाला हॉर्न ऐकू आला की त्या दप्तर आवरायला लागतात आणि सर काही बोलत नाहीत, ती बस गेली तर पुढची अंधार पडल्यावर.

दहावीला सहा विषय, भाषांना ८० लेखी आणि २० तोंडी, टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हची म्हणजे जास्त मार्कांच्या पाच विषयांची, पासिंगला ३५. त्याच्या आधी आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, हिचे जादा तास चांगले शिक्षक मनापासून घेतात कारण पास होऊन यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी महिन्याला १००० रुपये मिळतात, मजुराच्या घरात तेवढ्यावर पोराची शाळा चालू राहते.

सगळ्यात खटकतं ते पोषण आहाराचं. खिचडी फक्त आठवीपर्यंत, नववीत गेलं की बंद, म्हणजे भूक जास्त लागते त्याच वयात. जूनमध्ये नववीची दोन-चार पोरं सवयीने ताट घेऊन रांगेत येतात, खिचडी करणाऱ्या मावशी काही विचारत नाहीत, आधी लहानांना वाढतात आणि पातेल्यात जे उरेल ते त्यांच्या ताटात टाकतात.